पिवळ्या पत्रकाची तिसरी ओळ

तुमच्या फ्रिजवर ते पिवळं पत्रक अजून लावलेलं आहे का?

गुढीपाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात दाराशी ठेवलेलं, ‘बोटं आमची, गाड्या तुमच्या’ अशा शीर्षकाचं, एकाच पानाचं. केंब्रिजपासून मिल्टनपर्यंत जिथे जिथे आपली मुलं-मुली बेसमेंटमध्ये दाटीवाटीनं राहतात, तिथे ते पोचलं. मला त्याचा फार अभिमान होता. खाली नाव नव्हतं. ते मी लिहिलं होतं. तुमच्याकडे असेल तर एवढ्यात काढू नका, हा लेख संपेपर्यंत राहू द्या. मला आधी एका मैत्रिणीशी बोलायचं आहे. ती हे वाचणार नाही. तुम्ही ऐका.

अश्वे, तू गेलीस त्याला उद्या पाच आठवडे होतील. या पाच आठवड्यांत मी एका जागी अर्धा तास बसलेली नाही. शिफ्टवर उभीच असते, ते बरं आहे. घरी आले की आपल्या दोघींच्या बेसमेंटमध्ये येरझाऱ्या. वरच्या मालकीणबाई परवा खाली येऊन विचारत होत्या, मी सामान हलवतेय का. म्हटलं, नाही, चालतेय. हा लेखही तसाच लिहितेय. थोडा ओट्यापाशी उभी राहून, थोडा बसस्टॉपवर, थोडा लंच ब्रेकमध्ये दरवाज्यांच्या पॅनेलच्या खोक्यावर वही ठेवून.

मंडळाच्या अंकासाठी त्यांनी सांगितलं, तिच्याविषयी थोडं लिही. शिक्षण, स्वभाव, आवडीनिवडी. ते मी लिहिणार नाही. तुझा स्वभाव चार ओळींत बसला असता तर मी तुझ्याशी दोन वर्षं भांडत राहिले नसते.

आपलं पहिलंच बोलणं भांडणाचं होतं. कारखान्याच्या लॉकरपाशी मी कुणालातरी तावातावानं सांगत होते की एजन्सीनं पाठवलेले कंत्राटी कामगार आणि कायमचे कामगार एकाच लाईनवर उभे राहून वेगळी माणसं कशी ठरतात. तू बुटाची नाडी बांधत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “पुढारीणबाई, तुमच्या लॉकरची किल्ली दारालाच राहिलीय.” तेव्हापासून मी तुझ्यासाठी पुढारीणबाई.

तुझ्या आप्पांचं कराडला दुचाकीचं गॅरेज. तू इंजिनच्या आवाजावर वाढलीस. मी इचलकरंजीत पत्रकांवर वाढले. बाबा मागच्या खोलीत यंत्रमाग कामगारांची पत्रकं छापायचे आणि शाळेतून आल्यावर घड्या घालायचं काम माझं. अक्षरं मी त्यांवरच शिकले. बाबा म्हणायचे, पत्रकाची पहिली ओळ लोक रागानं वाचतात, दुसरी डोळ्यांखालून जाते, आणि तिसरी घरी घेऊन जातात. म्हणून सगळा जोर तिसऱ्या ओळीत ठेवायचा. हे मी तुला कितीदा ऐकवलं असेल. तू म्हणायचीस, “म्हणजे आमच्या तिसऱ्या गियरसारखं. चढ त्याच्यावरच निघतो.”

तुला डोंगर बघायचा नव्हता, तुला कच्चा रस्ता हवा होता. जुलैत गाड्यांचा तो मोठा कारखाना दोन आठवडे बंद झाला, मग त्याला दारं पुरवणारा आपलाही बंद झाला. बाकीच्या मुलींनी गोदामात तात्पुरत्या शिफ्ट धरल्या. तू कॅलगरीची दोन तिकिटं काढून ती माझ्या ताटाशेजारी ठेवलीस.

“मला नाही जमणार,” मी म्हटलं. “मी डांबरावरच अजून नीट चालवत नाही.”

“डांबरावर काय गं, डांबरावर स्कूटीपण पळते. खडीवर ये. तिथं कळतं माणूस काय आहे ते.”

कॅलगरीत तुझा कॉलेजमधला वर्गमित्र हरप्रीत बाइकच्या दुकानात कामाला होता. त्यानं आपल्याला दोन जुन्या अडीचशे सीसीच्या डर्ट बाइक दिल्या आणि दुकानातली जास्तीची हेल्मेटं दिली. तुझी लाल, माझी पांढरी. निघताना त्यानं एकच नियम सांगितला, आणि दोन वेळा सांगितला. जंगलातल्या रस्त्यांना फाटे फार असतात, पाट्या कमी. फोन चालत नाही. धुळीमुळे मागचं दिसत नाही. म्हणून पुढं असेल त्यानं प्रत्येक फाट्यावर थांबायचं. “पीछेवाले की लाइट दिखे बिना मोड़ मत छोड़ना. चाहे झगड़ा ही क्यों न हुआ हो.” तू हसलीस. म्हणालीस, याला आपल्याबद्दल आधीच कुणी सांगितलंय.

पहिले दोन दिवस मी तुझ्या मागे होते आणि तू प्रत्येक फाट्यावर थांबलीस. एक पाय जमिनीवर, हेल्मेटची काच वर, तोंडानं काहीतरी चघळत. माझा दिवा दिसला की हात वर करायचीस आणि निघायचीस. त्या हाताची मला इतकी सवय झाली की वळण आलं की मी आधी तुझा हात शोधायचे, मग रस्ता.

तू मला उभं राहून चालवायला शिकवलंस. रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या, त्यांवर बसून गेलं की दात वाजत. “बूड उचल. गुडघे सैल. खडीत पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, विसरून जा की तो आहे. गाडीला तिचं तिचं नाचू दे. आणि चाकाकडं बघू नको, जायचंय तिकडं बघ.” दुसऱ्या दिवशी दुपारी अचानक ते मला जमलं. हॅन्डल हातात असूनही मी ते धरलेलं नव्हतं. बाजूला शेकडो फूट खाली नदी, समोर देवदारांच्या रांगा, कुठल्यातरी लांबच्या वणव्याचा धूर हवेत, आणि मी मोठ्यानं ओरडत होते. काय ते आता आठवत नाही. फाट्यावर तू विचारलंस, “घोषणा देत होतीस का?” आयुष्यात इतकी मोकळी मी कधी नव्हते. हे तुझ्यामुळे. हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू चिडवलं असतंस.

लाकडांचे ट्रक आले की आपण कडेला चर धरून उभ्या राहायचो. ते ड्रायव्हर रेडिओवर एकमेकांना कितव्या किलोमीटरला आहेत ते सांगत येतात, आपल्याकडे रेडिओ नव्हता. तुला ते फार आवडलं होतं. “बघ, मी कुठं आहे हे प्रत्येकजण बोलत राहतो, म्हणून कुणी कुणाला धडकत नाही.” तुला कुठं दुखतं हे मात्र तू बोलली नाहीस.

तिसरा दिवस. मला तो लिहायचा नाही आणि त्याच्याशिवाय काही लिहिण्यात अर्थ नाही.

किम्बर्ली सोडून आपण पश्चिमेला खिंडीच्या रस्त्याला लागलो होतो. एकोणतिसाव्या किलोमीटरच्या पाटीपाशी हकलबेरीची झुडपं दिसली म्हणून थांबलो. बोटं जांभळी करत खात होतो. आणि मी माझ्या बॅगेतून तो कागद काढला. डोंगरात, हकलबेरी खाताना. हे मीच करू शकते.

कागद काय होता ते वाचणाऱ्यांना सांगते. आमच्या लाईनवर एका माणसाची दोन बोटं पॅनेल दाबणाऱ्या प्रेस मशीनमध्ये चिरडली. फिलिपिन्सहून आलेला, दोन मुलींचा बाप. एजन्सीच्या बाईंनी त्याला गाडीत बसवतानाच सांगितलं, घरी दारात सापडली म्हण. अश्विनी तिथं दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं ते ऐकलं होतं. मी सरकारच्या कामगार खात्याला तक्रार लिहिली होती आणि साक्षीदार म्हणून मला तिची सही हवी होती.

“इथं कायम राहायचा पीआर येऊ दे,” तू म्हणालीस. “मग दहा सह्या करते. पाहिजे तर अंगठा देते.”

“तोवर त्याच्या हाताचं काय?”

“त्याचा हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, माधवी. मी तो पाहिलाय. तू फक्त लिहिलायस.”

मला ते लागलं. तुझं खरं होतं म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, तू भित्री आहेस.

“व्हय, आहे. परमिटचं नूतनीकरण अडकलंय, हेल्थ कार्ड संपलंय, अर्ज कुठल्या टेबलावर आहे ठाऊक नाही. आप्पांना एकदा इथं आणून हे डोंगर दाखवू दे, मग होते शूर. आणि एक सांगू? तुझ्या पत्रकांत तू कधीकधी मीठ जास्त टाकतेस.”

मी कागद घडी करून तुझ्या टाकीवरच्या बॅगेत कोंबला, किक मारली आणि पुढं निघाले. ट्रिपमध्ये पहिल्यांदाच मी पुढं होते.

एकतिसाव्या किलोमीटरला फाटा आला. डावा रस्ता कुठल्यातरी बंद पडलेल्या खाणीकडे, उजवा खिंडीकडे. मी थांबले. मागं बघितलं. धूळ होती, दिवा नव्हता. मला वाटलं, तिला नकाशा वाचता येतो. मला वाटलं, जी माणसासाठी थांबत नाही तिच्यासाठी मी का थांबू. हे असंच, याच शब्दांत वाटलं, आणि ते मला फार तत्त्वाचं वाटलं. राग आला की मला नेहमी तो तत्त्वाचाच वाटतो. मी गियर टाकला.

अडतिसाव्या किलोमीटरला ओढ्याजवळ मी थांबले. राग उतरला होता. आधी दहा मिनिटं थांबले, मग वीस. मग मी बाइक वळवत होते तेवढ्यात तू आलीस. डावा आरसा नव्हता. जाकिटाची डावी बाजू कोपरापासून कमरेपर्यंत मातीनं माखलेली.

“काय झालं?”

“बाइक आडवी झाली. मी उतरून बघत होते.” मग हेल्मेट न काढताच म्हणालीस, “आरसा गेला. बरं झालं, सारखं मागं बघायची सवय सुटेल.”

मी हसले. तू ओढ्याचं पाणी तोंडावर मारलंस, बराच वेळ. आणि मग, माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणालीस, “फाट्यावर दिसली नाहीस.”

मी उत्तर दिलं नाही. तू परत तो विषय काढला नाहीस. तू डावीकडे गेलीस आणि परत फिरलीस का? मला गाठायला जोरात आलीस आणि वळणावर खडीनं घेतलं? ते सात किलोमीटर मी मनात रोज चालवते आणि मला जागा सापडत नाही.

खिंडीच्या अलीकडे तळ्याकाठी आपण तंबू लावला. उन्हं अजून डोंगराच्या माथ्यावर होती, तिथं जुलैत नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. तू स्टोव्हवर मॅगी ठेवलीस आणि स्वतः खात नव्हतीस.

“ए, एक विचारू? ती तिसरी ओळ. ती खरी आहे का?”

मला कोणती ते विचारावं लागलं नाही. आपल्या फ्रिजवर ती तीन-चार महिने होती. पहिली ओळ: मशीनमध्ये बोट गेलं तर एजन्सी सांगते, घरी कापलं म्हणा. दुसरी: दुसऱ्या दिवशी फोन येतो, उद्यापासून येऊ नका. तिसरी: आणि दवाखान्याची पायरी चढलात तर पीआरची फाईल बंद झालीच म्हणून समजा.

पहिल्या दोन मी माणसांकडून ऐकल्या होत्या, नावंगावं मला ठाऊक होती. तिसरी मी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाचली होती. कुणी पाठवली, कुणाचं असं झालं, मी विचारलं नाही. तिला लय होती. आधीच्या दोन ओळींवर ती अशी बसत होती की ती लिहिल्यावर मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या. वाचणाऱ्याला राग यावा म्हणून मी ती लिहिली.

आणि त्या तळ्याकाठी तुझ्या प्रश्नात मला फक्त सकाळचा टोमणा ऐकू आला. मीठ जास्त टाकतेस.

“खरी आहे,” मी म्हटलं. “मी खोटं छापत नाही.”

“मग ठीक,” तू म्हणालीस, आणि तुझी मॅगी माझ्या ताटलीत ओतलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीच्या माथ्यावर बर्फाचा एक मळकट तुकडा उरला होता. तू त्यावर बूट काढून उभी राहिलीस. मग फोन इंजिनाजवळ धरून आप्पांसाठी रेकॉर्डिंग केलंस. “आप्पा, ऐका. उंचीवर आलोय. हवा पातळ आहे, बघा आवाज कसा जड झालाय तिचा.” खाली उतरून तिथल्या मोठ्या तळ्यापलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीवर चढलो तर तू बाइकला टेकून उभ्याउभ्या झोपलीस. लोक हसून बघत होते. मी तुझा फोटो काढला. त्या फोटोतली तू मला आता नीट दिसते. तेव्हा मी फक्त फ्रेम बघत होते.

परत आल्यावर तू रोज शिफ्टला गेलीस. डोकं धरलंय म्हणायचीस, धुळीनं. गोळ्यांची बाटली बाथरूममध्ये आली, मग दुसरी आली. बेसमेंटमध्ये, जिथं दिवसाही दिवा लावावा लागतो, तिथं तू उन्हाचा चष्मा घालायला लागलीस. मी म्हटलं, फिल्मस्टार. तू म्हणालीस, “सह्या देत नाही हं.” आपण दोघी हसलो. पण तो कागद बॅगेतच होता आणि दोघींनाही ते माहीत होतं.

तिसऱ्या आठवड्यात रविवारी सकाळी तू पोहे भिजवलेस आणि जिन्यावर जाऊन बसलीस. म्हणालीस, “पायऱ्या हलतायत गं.” मग तू मला आप्पा म्हणून हाक मारलीस. अँब्युलन्सवाल्यांनी विचारलं, डोक्याला मार लागला होता का. मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, माहीत नाही. हॅमिल्टनला ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. डॉक्टरांनी सांगितलं, कवटीच्या आत बारीक शीर फुटून दिवसेंदिवस रक्त झिरपत साठलं होतं. त्यांनी मला हळूच विचारलं, इतके दिवस तिला कुणाला दाखवलं का नाही.

आप्पांना फोन मी केला. सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “खडीत पुढचा ब्रेक धरला असंल का गं तिनं?” मी म्हटलं, नसेल आप्पा, तीच मला सांगायची, धरायचा नाही. ते म्हणाले, “मीच शिकवलं होतं.” आणि थोड्या वेळानं, “त्या रेकॉर्डिंगात गाडीचा आवाज ठीक होता. तिचा दमल्यागत वाटला. मी म्हटलं, उंचीमुळं असंल.”

हरप्रीतचा फोन चार दिवसांनी आला. तुझं लाल हेल्मेट त्यानं परत घेतलं होतं, ते मागच्या बाजूला तडकलं होतं. “मैंने पूछा था उससे. बोली, हाथ से गिर गया.” तो रडत होता. मी त्याला म्हटलं, तू विचारलंस तरी. मी तर तळ्याकाठी तिला ‘खरी आहे’ म्हणून उत्तर दिलं होतं.

मग ओकव्हिलच्या डॉक्टर कुलकर्णी काकू भेटायला आल्या. चाळीस वर्षं इथं डॉक्टरकी करून निवृत्त झालेल्या. त्यांना वाटलं, मला धीर द्यावा. त्यांनी विचारलं तेच, का नाही नेलं. मी म्हटलं, पीआरचा अर्ज होता म्हणून. फाईल बंद होईल म्हणून.

“अगं, हे कोण सांगतं तुम्हां मुलांना? इट्स सिम्पली नॉट ट्रू. इमर्जन्सीत आलेल्या माणसाचं नाव आम्ही इमिग्रेशनला कळवत नाही. पडलात, लागलं, याच्यावरून कुणाचा अर्ज जात नाही. कार्ड संपलेलं असलं तरी जीव धोक्यात असलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत. नंतर बिलाची भानगड होते, ती सोडवता येते. हू टोल्ड हर दॅट?”

त्यांच्या मागंच फ्रिज होता. पिवळा कागद त्यांच्या खांद्यावरून मला दिसत होता. अश्वे, दोन वर्षांत कुठल्याही खोलीत मी पहिल्यांदा गप्प राहिले असेन.

त्या गेल्यावर मी तो कागद काढला. तिसऱ्या ओळीच्या शेवटी काहीतरी खोडलेलं होतं. खिडकीपाशी नेऊन तिरपा धरून बघितला. पेन्सिलीनं काढलेलं प्रश्नचिन्ह, रबरानं पुसलेलं. तू ते कधी काढलंस ठाऊक नाही. कधी पुसलंस ते ठाऊक आहे. मी ‘खरी आहे’ म्हटल्यानंतर.

पत्रकं वाटणाऱ्या आपल्या गटातल्या मुलांनी सुचवलं, अश्विनीवर पत्रक काढू. व्यवस्थेचा बळी. फोटो घालू, तो फेरीबोटीवरचा. मी बसले लिहायला. खरं सांगते, तीन मसुदे लिहिले आणि तिसरा फार चांगला झाला होता. वाचताना मलाच काटा आला. आणि मग लक्षात आलं की मी परत तिसरी ओळ शोधतेय. सगळे मसुदे फाडले. एजन्सी माणसांना खोटं बोलायला लावते, हे खरं आहे, मी ते लिहीत राहीन. परमिट महिनोन्महिने अडकवून माणसाला घाबरट केलं जातं, हेही खरं. पण तुला दवाखान्यापासून ज्या वाक्यानं अडवलं ते एजन्सीनं लिहिलं नव्हतं. ते माझ्या अक्षरातलं होतं. मी राग पेरायला निघाले आणि तुझ्या मनात भीती पेरून आले.

बाबांचा आणखी एक नियम होता, तो मी तुला कधी सांगितला नाही, कारण इथं आल्यावर मी तो पाळणं सोडलं होतं. छापण्याआधी पत्रक त्याला वाचून दाखवायचं ज्याच्यावर ते बेतू शकतं. कामावरून काढतील ते त्या माणसाला, लिहिणाऱ्याला नाही. बाबा रविवारी मागच्या खोलीत एखाद्या माग कामगाराला बसवून, चहा देऊन सगळं मोठ्यानं वाचायचे, आणि मग थांबायचे. लगेच उठायचे नाहीत. तो कामगार पाच मिनिटं काही बोलायचा नाही, मग म्हणायचा, ते दुसरं वाक्य काढा साहेब. बाबा काढायचे. मला लहानपणी त्या पाच मिनिटांचा कंटाळा यायचा.

तू तर पलीकडच्या पलंगावर होतीस. मी तुला वाचून दाखवलं नाही. छापून आणलं आणि फ्रिजवर लावलं.

तो तक्रारीचा कागद तुझ्या बॅगेत तसाच मिळाला, सही नसलेला. काहींना वाटतं, मी लिहावं की तू सही करणार होतीस. मी लिहिणार नाही. तू केली नव्हतीस, आणि तुझं कारण साधं होतं. त्या माणसाकडे मी गेल्या आठवड्यात स्वतः गेले. सगळी तक्रार त्याला वाचून दाखवली आणि थांबले. त्यानं दोन वाक्यं बदलायला लावली आणि डाव्या हातानं सही केली. तुझ्या नावाची जागा मी काढून टाकली आहे. आपलं भांडण मिटलेलं नाही, अश्वे. मी जिंकले असं कुणाला सांगणार नाही.

फाट्यावर दिसले नाही, कारण मी थांबले नव्हते. एवढं उत्तर द्यायचं होतं.

आता तुम्ही, वाचणारे. ते पिवळं पत्रक फ्रिजवरून काढा आणि पेन घ्या. तिसरी ओळ खोडा. पूर्ण, वाचता येणार नाही अशी. तिच्या जागी लिहा: डोक्याला मार लागला तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जा, तिथे गेल्यामुळे पीआरचा अर्ज जात नाही. मग ते परत लावा, आणि ज्यांच्याबरोबर राहता त्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, समोर बसून वाचा. आणि वाचून झाल्यावर लगेच उठू नका. त्यांना काही विचारायचं असेल.